रव्याने मुंगीचं पोट फुटत नाही

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागतं. पुण्यात परदेशी 'अग्निमुंगी' शिरली आहे, तिच्या चाव्यात फॉर्मिक ॲसिड असतं म्हणून खायचा सोडा लावा, वारुळावर कोरडा रवा टाका म्हणजे तो पोटात फुगून मुंग्या मरतात, नाहीतर उकळतं पाणी ओता.

बातम्यांतली अग्निमुंगी म्हणजे सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा. मूळची दक्षिण अमेरिकेतली. 1930 च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल बंदरातून अमेरिकेत पसरली, 2001 मध्ये ब्रिस्बेनला सापडली. पुण्यातल्या लॉनवर डसते ती बहुधा तिची चुलतबहीण, सोलेनॉप्सिस जेमिनाटा. परदेशीच, पण भारतात शंभराहून जास्त वर्षं नोंदलेली. एकाच रांगेत लहान-मोठ्या कामकरी दिसतात. मोठ्यांचं डोकं चौकोनी आणि मागे मधोमध खाच.

सोड्याचं म्हणाल तर, ही मुंगी जबड्याने नुसती कातडी धरते. डसते पोटाच्या टोकाच्या नांगीने, तेही पकड न सोडता गोल फिरत, पुन्हा पुन्हा. विष बव्हंशी अल्कलॉइडचं, ॲसिडचं नव्हे, म्हणून सोडा कामाचा नाही. फॉर्मिक ॲसिड सोडते ती कोकणातली झाडावरची उंबील. डसलेली जागा साबणाने धुवा, थंड पट्टी ठेवा, फोड फोडू नका. ओठ सुजले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

आता रवा. पूर्ण वाढ झालेली मुंगी घन अन्न गिळतच नाही. तोंडातल्या छोट्या पिशवीत कण गाळले जातात, पोटात जातो तो फक्त रस. घन तुकडे ती वारुळातल्या शेवटच्या अवस्थेतल्या अळीच्या तोंडाशी ठेवते. अळी ते पचवून पातळ करते आणि तो रस कामकरीण पिते. म्हणजे रवा पोटात जाऊन फुगायचा प्रश्नच येत नाही. रवा टाकल्यावर वारूळ ओस दिसलं तर मुंग्या बहुतेक शेजारच्या कुंडीत गेल्या असं समजा.

उकळत्या पाण्याने काही वारुळं मरतात, हे खरं. पण त्याला दहा-बारा लिटर लागतं, गवताची मुळं भाजतात, आणि खोलवरची राणी वाचली की पुन्हा तेच. जेमिनाटाच्या काही वारुळांत तर एकाहून जास्त राण्या असतात.

खरा उपाय म्हणजे उशिरा असर करणारं, विष घातलेलं तेलकट दाणेदार आमिष: कामकरणींनी ते राणीपर्यंत न्यायला हवं. आधी वारुळाजवळ बटाट्याचा वेफर ठेवा. अर्ध्या तासात त्यावर मुंग्या जमल्या तरच आमिष टाका, पाकिटावरच्या मापाने, वारुळावर नाही तर भोवती. माती कोरडी हवी, पुढचा दिवसभर पाऊस किंवा स्प्रिंकलर नको. काठीने वारूळ उकरलंत तर मुंग्या पिल्लं उचलून हलतात आणि आमिष तसंच पडून राहतं. निकाल दिसायला काही आठवडे जातात. आमिषावर मुंग्या मारायची पावडर टाकली तर मुंग्या त्याला तोंडही लावत नाहीत.

आणि उरुळी कांचनच्या नर्सरीतून रोप आणलं की लॉनवर ठेवण्याआधी पिशवी फाडून मुळांचा गोळा बघा. पांढरी पिल्लं दिसली तर तो गोळा पाण्याच्या बादलीत बुडवू नका, मुंग्या एकमेकींना धरून तरंगत वर येतात.