लाच देणाराही गुन्हेगार, मग तक्रार कोण करणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘लाच देणाऱ्यालाही शिक्षा आहे, मग तक्रार कोण करणार? आणि सापळ्यात सापडलेले सुटतातच,’ असा तुमचा आक्षेप आहे. पहिली भीती दूर करता येते. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे आणि तो जास्त महत्त्वाचा आहे.

२०१८च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८नुसार लाच देणं गुन्हा आहे, हे खरं. पण बळजबरीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर हे कलम लागत नाही. आधी कळवून, त्यांना मदत म्हणून दिली तरीही लागत नाही. सापळा लागतो तो या दुसऱ्या तरतुदीच्या आधाराने. म्हणून पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करावा.

आता सुटण्याबद्दल. नोटांना लावलेली अँथ्रासीन पावडर अतिनील दिव्याखाली हातावर चमकते. त्यातून नोटा हाताळल्या एवढंच कळतं. ‘उसने परत केले’, ‘टेबलावर ठेवून गेला’ हे बचाव ठरलेलेच. न्यायालय विचारतं, मागणी झाली होती का? तो पुरावा सापळ्याच्या आधी, पडताळणीत मिळतो. पंचाला, म्हणजे स्वतंत्र साक्षीदाराला, सोबत घेऊन तक्रारदार लाच मागणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटतो, व्हॉइस रेकॉर्डर चालू असतो. इथे तक्रारदाराने स्वतः आकडा काढू नये. ‘माझ्या कामाचं काय झालं?’ एवढंच विचारावं आणि समोरच्याला बोलू द्यावं. ‘जरा साहेबांचं बघा’ यावर खटला उभा राहणं कठीण. रक्कम आणि काम दोन्ही त्याच्या तोंडून यायला हवं. पंच दाराबाहेर उभा राहिला आणि काही ऐकलंच नाही, तर त्याच्या साक्षीला वजन उरत नाही. रेकॉर्डिंगसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं, तर तेही हातचं जातं.

तक्रारदार फितूर झाला की सगळं संपलं, असंही नाही. डिसेंबर २०२२मध्ये नीरज दत्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की मागणी परिस्थितीजन्य पुराव्यानेही सिद्ध होऊ शकते. म्हणूनच पंचाने नीट ऐकणं इतकं मोलाचं आहे.

सापळ्यात बहुतेक लहान मासेच अडकतात, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. निविदेसारख्या निर्णयातल्या गैरव्यवहाराची चौकशी करायला याच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ नुसार आधी मंजुरी लागते. रंगेहाथ पकडायला लागत नाही. ही विषमता मलाही खटकते.

दाखल्यासारखं काम असेल तर अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली मुदत उलटल्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पुढे सापळा लावायची वेळ आलीच, तर काम त्याच टेबलावर अडलं होतं हे दाखवायलाही हीच पोच लागते.