सर्फ क्लबच्या बोटी आणि ५ नॉट्सचा नियम

‘न्यूझीलंडमध्ये सर्फ लाइफसेव्हिंग क्लबच्या (समुद्रकिनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या क्लबच्या) बोटींना सरावात वेगमर्यादा नसते,’ असा मेसेज ऑकलंडकडच्या आपल्या ग्रुपवर फिरतोय. तो सरसकट खरा नाही. किनाऱ्यापासून २०० मीटर आणि पोहणाऱ्यांपासून किंवा दुसऱ्या बोटीपासून ५० मीटरच्या आत मर्यादा ५ नॉट्स, म्हणजे ताशी साधारण ९ किलोमीटर. ठराविक पाण्यात प्रादेशिक कौन्सिल ती रीतसर उठवू शकते. गैरसमज बहुधा इथूनच झाला असावा. लाट चढताना चालकाला थ्रॉटल द्यावाच लागतो, पुढे बसलेला साथीदार वजन टाकून बोटीचं पुढचं टोक (नाळ) दाबून धरतो. अशा वेळी समोरचं पोहणाऱ्याचं डोकं सहज नजरेआड होतं. म्हणून मुलांना कृपया सरावाच्या पट्ट्यात पोहायला सोडू नका.