पगाराच्या शेजारचा रकाना

दिवाळीला पुतण्या गावी आला होता. दारव्ह्याजवळ आमचं गाव. वेचणी जोरात होती, पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, म्हणून ओट्यावरच बसलो. कृषी केंद्राच्या बिलामागं त्यानं नोकरीला जायचे तीन देश लिहिले: अमेरिका, कॅनडा, जर्मनी. पुढं तीन रकाने पाडले: पगार, नंबर लागंल का, कायम परवाना. वय 29, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मी आधी पॅकेजच विचारलं. "काका, पगार अमेरिकेतच जास्त," तो म्हणाला, "पण नंबर लागंल का, तेच सांगता येत नाही."

अमेरिकेत कामाचा व्हिसा असतो, एच-वन-बी. त्याच्या वर्षाला 85,000 जागा, अर्ज कितीतरी जास्त, म्हणून सोडत. त्यात 2025च्या सप्टेंबरात बाहेरून बोलावायच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी आली. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्यात, एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, देश केवढाही मोठा असो. आपल्या लोकांची रांग दहा वर्षांच्या पुढं गेलेली. मधे नोकरी गेली तर दुसरी शोधायला 60 दिवस. कॅनडात कायम राहायला घेताना गुण मोजतात. वयाचे पूर्ण गुण 29 पर्यंतच, पुढं दरवर्षी घट. म्हणून त्याची घाई. जर्मनीत ब्लू कार्डवाल्यानं, म्हणजे शिकलेल्या लोकांच्या कामाच्या परवान्यावर गेलेल्यानं, बी-वन म्हणजे मधल्या पातळीची जर्मन भाषा पास केली तर 21 महिन्यांत कायम राहायचा परवाना मिळू शकतो.

पोरं पैशामागं पळतात असं गावात सर्रास बोलतात. मला ते पटत नाही. ज्यानं बापाला जन्मभर पावसाची अन् कापसाच्या भावाची वाट पाहताना पाहिलं, त्याला आणखी एका सोडतीवर आयुष्य लावायचं नसते. केव्हा काय होईल हे जो देश आधी सांगतो, तो त्याला जवळचा वाटतो.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. कागदाकडं बघत म्हणाल्या, "अन् मले किती दिवस राहू देतील तिथं?"

तो रकानाच नव्हता. पोरगा खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. मग मोबाईल काढला. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आई-बाप एका खेपेला 5 वर्षांपर्यंत राहू शकतात, वैद्यकीय विमा मात्र लागतो. अमेरिकेत पाहुणे म्हणून साधारण सहा महिने. जर्मनीत भेटीच्या व्हिसावर 180 दिवसांत 90.

भाऊनं एकच विचारलं, "वावराचं काय?" आपला देश दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतला की ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीयाला इथं येता-राहता यावं म्हणून दिलेलं कार्ड. बापाचं वावर वारशानं येऊ शकते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. आमचे चार एकर आहेत, पण धुऱ्यालगतचा तुकडा घ्यायचं भाऊच्या मनात कधीपासून आहे.

माझं कळकळीचं सांगणं आहे, एजंटकडं पैसे भरायच्या आधी हे घरात बोला. आईसमोर बोला. बिलामागं आता चौथा रकाना आहे, वहिनींच्या नावाचा. तिथं कॅनडा पुढं आहे, परवान्याच्या रकान्यात जर्मनी. अजून ठरलं नाही.

ज्यांची पोरं तिकडं आहेत त्यांनी लिहा: तुम्ही किती दिवस राहून आलात, विम्याला किती लागले, अन् दिवसभर तिथं बोलायला कोणी होतं का?