सीमावाद पोराच्या तोंडात नको

खानापूरला माझ्या ताईचा मुलगा विशेष शाळेत जातो. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तिथल्या बाईंनी ताईला सांगितलं, अशा मुलांना एकच भाषा झेपते, घरीही कन्नडच बोला. झालं! घरच्या ग्रुपवर सीमाप्रश्न पेटला. काकांनी महाजन अहवाल काढला, चुलतभावानं दुकानांच्या पाट्यांचे फोटो टाकले. पोराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, याचा मला संताप आला.

मुळात बाईंचं म्हणणंच खरं नाही. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 साली दाखवलं की डाऊन सिंड्रोम असलेली दोन भाषांत वाढणारी मुलं इंग्रजीत एकभाषिक मुलांच्या मागे नसतात. मी राहते त्या वेल्समध्ये बँगर विद्यापीठालाही वेल्श-इंग्रजी मुलांत तेच दिसलं. बोलणं उशिरा येतं ते जादा गुणसूत्रामुळे. घरातल्या मराठीचा त्यात काय दोष? आणि हे आपल्याला परक्यांनी का शिकवावं? 1930च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी धारवाडात बिने बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतल्या मुलांसाठी बसवली होती. मुलाला त्याच्याच भाषेत जोखावं, हे आपल्याकडे तेव्हाच कळलं होतं.

मी देखभालीचं काम करते त्या घरात एक आजोबा आहेत. इंग्रजीत काहीही विचारा, ‘येस’ म्हणतात. वेल्शमध्ये ‘पानेद?’ (चहा घेणार?) विचारलं की दुधाची बाटली हातानं बाजूला सारतात. म्हणून शिफ्टवर वेल्श येणारं कुणीतरी असतंच. नुसत्या ‘येस’वर आम्ही त्यांना वर्षानुवर्षं दुधाचा चहा पाजला असता.

ताई म्हणते, तिकडे बसून सांगायला तुझं काय जातं? जातं. पुण्यात माझं मराठी ऐकून ‘कानडी का?’ विचारतात, बेंगळुरात ‘मराठी का?’ इथं कुणीच विचारत नाही, त्याचंही वाईट वाटतं. तो पोरगा मात्र फोनवर मला ‘मावशी, जेवलीस काय?’ म्हणतो आणि शेजारच्या अक्कांना तेच कन्नडमध्ये, ‘ऊट आयता?’ कोणाशी काय बोलायचं हे त्याचं कधी चुकत नाही. मी अजून त्या घरातली आहे, हे मला त्या ‘जेवलीस काय’मुळे वाटतं. आता ताई त्याच्याशी बाजारापुरत्या कन्नडमध्ये बोलते आणि तो नुसती मान हलवतो.

पुढच्या पालकसभेला ताईनं हे अभ्यास घेऊन जावं. मराठीत गोषवारा मी लिहून देते, कन्नड अक्का करून देतील.