'म्हणजे तुम्ही साप न्यायला येणार नाही?'

काल रात्री पावणेदहाला फोन आला. "ताई, पडवीत साप आलाय, लगेच या." म्हटलं, लांबूनच एक फोटो काढून पाठवा, जवळ जाऊ नका. फोटो आला. दिवड. विहिरीकडून बेडकाच्या मागावर पडवीपर्यंत आला होता बिचारा. मी सांगितलं, बिनविषारी आहे, पडवीतला दिवा घालवा, दार लावून घ्या, थोड्या वेळात आपला आपण जाईल. पलीकडे क्षणभर शांतता. मग जरा नाराजीनंच, "म्हणजे तुम्ही साप न्यायला येणार नाही?"

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आज त्यावर सविस्तर लिहितेच.

आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या मंडळात मी बारा वर्षं आहे. एक रिक्षावाले दादा, दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजची काही मुलं आणि मी. मंडळ काढलं तेव्हा साप, सरडे, कासवं, बेडूक या सगळ्यांची माहिती गावोगावी पोचवायची आणि त्यांना वाचवायचं असं ठरलं होतं. पण लोकांच्या लेखी आम्ही एकच, 'साप पकडणारे'. खोटं कशाला बोलू, पहिली काही वर्षं आम्हालाही ते आवडायचं. फोन आला की गाडीला किक. रात्री-अपरात्री, पावसात, कुठेही. साप पिशवीत घातला की लोक हात जोडायचे, चहा व्हायचा, फोटो व्हायचे. आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं.

आज माझं मत वेगळं आहे. साप उचलून नेणं हे अशा मंडळाचं शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे. जे मंडळ वर्षाला किती साप पकडले याचे आकडे अभिमानानं टाकतं, त्याला मला विचारावंसं वाटतं, त्यातले किती मुळात पकडायला हवे होते?

आमच्याकडचं उदाहरण देते, फुरशाचं. रत्नागिरी जिल्हा आणि फुरसं यांचं नातं जुनं आहे. हातभर लांबीचा साप, डोक्यावर बाणासारखी खूण, रंग असा की कातळावर पडलेलं वाळकं पान आणि तो यात फरक कळू नये. डिवचलं की इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी घालतो आणि अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासतो. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यावर येतो तसा आवाज येतो. एकदा ऐकलात की विसरणार नाही. ब्रिटिशांच्या काळात या जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस होतं. मारलेल्या फुरशांचा हिशोब लाखांत गेला. संपलं का फुरसं? नाही. आजही सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, दगड उलटा, सापडेल. लाखोंनी मारून जे सरलं नाही, ते आम्ही चार जण पिशव्या घेऊन फिरून सरणार आहे का? आणि सरावं तरी का? आपण इथे घरं बांधायच्या आधीपासून ते या कातळावर आहे.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत बदललं ती सांगते.

पाच वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्याच मंडळातला एक मुलगा एका वाडीत फुरसं काढायला गेला. चुलीच्या लाकडांच्या ढिगात होतं. त्यानं नीट काढलं, स्टिकनं, नियमाप्रमाणे. पाइपच्या तोंडाशी पिशवी लावलेली, फक्त आत सोडायचं बाकी होतं. खळ्यात पंचवीस-तीस माणसं उभी. त्यातला कुणीतरी म्हणाला, "अरे, जरा वर धरून दाखव ना, पोरांना दिसत नाही." आणि त्यानं दाखवलं. एवढंच. एवढ्याशा सापानं अंगठ्याला दात लावला.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन स्टँडला लावून ठेवलं होतं. वीस मिनिटं हलवायचं नाही. फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं, ते बघण्याची ही साधी चाचणी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी आणि त्याची आई बाकावर बसलो होतो. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहिलं. हिरड्यांतून रक्त यायला तोवर सुरुवात झाली होती. प्रतिविष सुरू झालं, सहा तासांनी परत तीच नळी, तीच वीस मिनिटं. तो वाचला. त्याचा अंगठा आजही पुरता वाकत नाही.

त्या रात्री त्याच्या आईनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

चूक त्याची होतीच, आमच्या शिकवण्याचीही होती. पण 'वर धरून दाखव' म्हणणाऱ्याचं काय? आज फोन उघडला की नागाचा फणा तोंडासमोर धरलेली पोरं दिसतात, गळ्यात धामण घातलेली दिसतात, आणि खाली आपण बदाम टाकतो, 'वाघ आहेस भावा' लिहितो. आपल्या राज्यात असे किती तरुण सर्पमित्र साप हातात असताना गेलेत, बातम्या तुम्हीही वाचता. त्या प्रत्येकाच्या मागे बघणाऱ्यांची गर्दी होती. कृपा करून असे व्हिडिओ पुढे ढकलू नका. अगदी आमच्या मंडळातल्या कुणाचा असला तरी.

दुसरी गोष्ट, 'लांब जंगलात सोडा'. प्रत्येक जण हेच म्हणतो, आणि चांगल्या मनानंच म्हणतो. पण सापाला त्याचा परिसर पाठ असतो. बीळ कुठे, पाणी कुठे, उंदीर कुठे. कर्नाटकात अगुंबेला नागराजांच्या, म्हणजे किंग कोब्रांच्या, अंगात ट्रान्समीटर बसवून अभ्यास झाला, त्यात लांब नेऊन सोडलेला साप ठिकाणा नसल्यासारखा भटकत राहिल्याचं दिसलं. अनोळखी जागी नेलेला साप बहुधा रस्त्यावर नाहीतर दुसऱ्या कुणाच्या काठीखाली संपतो. म्हणून आता आम्ही घरात अडकलेला साप काढतो आणि जवळच्याच गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, नाहीतर ओढ्याकाठी सोडतो. यावरून लोकांशी वाद होतात. एका वाडीनं आम्हाला वर्षभर बोलावलं नाही.

मग मंडळानं करायचं काय? माझं म्हणणं, सापाला नव्हे, माणसाला धरायचं. समजावायला. आणि ते पावसाच्या आधी. लावणी सुरू झाल्यावर कुणाला वेळ नसतो. आम्ही मे महिन्यात वाडीवाडीत जातो. चुलीची लाकडं भिंतीला लागून रचू नका. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. भात कापताना, गवत काढताना पायात गमबूट घाला. जमिनीवर झोपू नका, खाट नसेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. हे शेवटचं मी हात जोडून सांगते, कारण मण्यार. ती रात्री घरात शिरते, झोपेत चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. घरचे समजतात, काल काहीतरी बाधलं. पावसाळ्यात पहाटे कुणाच्या पापण्या मिटत असतील, बोलणं जड येत असेल, तर ओवा-सोडा देत बसू नका. गाडी काढा.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. बहुतेक खेड्यातली, शेतावरची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंश हा दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला, केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे असं त्यात ठरलंय. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. ते सरकारी दवाखान्यात मिळतं. आराखडा दिल्लीत होतो, पण चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न्यायचं की दवाखान्यात, हे वाडीतल्या ओटीवर ठरतं. त्या ओटीवर बसून बोलणारं माणूस पाहिजे. करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, साप मारून सोबत आणत बसू नका, हातपाय हलवू न देता न्या. एवढं त्या घरात एकाला जरी पाठ असलं तरी पुष्कळ.

सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा विमा देण्याची घोषणा सरकारनं २०२५ मध्ये केली. चांगलंच आहे, अपघात झाल्यावर घरच्यांचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. पण ओळखपत्र देताना 'किती साप पकडले' हे विचारू नका. 'किती शाळांत, किती वाड्यांत बोललात' हे विचारा.

आणि बेडूक! त्यांच्यासाठी कुणाचा फोन येत नाही. आपल्याकडे पहिला मोठा पाऊस पडला की रात्री शेतात पिवळेधमक बेडूक दिसतात, गालांशी निळे फुगे. वर्षभर शेवाळी रंगाचा असणारा तोच नर, मादीला बोलावण्यासाठी काही दिवस असा नटतो. नेमक्या त्याच दिवसांत बॅटऱ्या आणि पोती घेऊन माणसं निघतात. गोव्यात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणतात, आपल्याकडे नाव नाही पण खाणारे आहेत. अंडी घालायच्या आधीच मारला तर पुढच्या वर्षी शेतातले किडे कोण खाणार? बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशानं १९८७ मध्ये बंद केली. घरच्या कढईचं काय, ते आपणच ठरवायचं.

त्याहून दुर्दैवी देवगांडूळ. पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर. दिसतो गांडुळासारखा, वळवळतो सापासारखा, म्हणून दिसला की फावडं. यातली एक जात शास्त्रज्ञांना आपल्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावात मिळाली, २००३ साली जगाला कळली. आणि आपण त्याला 'दोनतोंड्या' म्हणून ठेचतो. शाळेत याचा फोटो दाखवला की अर्धी मुलं म्हणतात, "आमच्या बागेत आहे हा." मला तो क्षण फार आवडतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी मिळून कासवांची घरटी राखली. जिथे अंडी उकरून नेली जायची तिथे आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक मुक्कामाला येतात. आंबोलीत तिथल्याच मुलांनी पर्यटकांना रात्री बेडूक दाखवायला सुरुवात केली. २००९ मध्ये नोंदला गेलेला आंबोली टोड हा बेडूक जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे तिथला चहावालाही सांगतो. माणसाचं मन वळतं, हे या दोन गावांनी दाखवलंय. कासवाचं पिल्लू गोजिरं असतं, फुरसं नसतं, एवढंच आमचं काम जास्त अवघड.

त्या मुलाला जिथे फुरसं चावलं, त्याच वाडीतल्या एका काकींचा गेल्या आठवड्यात फोन आला. माझ्या पोटात खड्डा पडला. गाडीची चावी हातात घेतलीसुद्धा.

"फुरसं होतं गो, न्हाणीच्या मागे," काकी म्हणाल्या. "बॅटरीच्या उजेडात दिसलं. मी पोरांना आत घेतलं, लांब उभी राहून बघत होते. गडग्यात गेलं ते. तू येऊ नको, नुसतं सांगायला फोन केला. आणि लाकडं मी मे महिन्यातच तिकडनं हलवलीत."