टोळक्यातला प्रत्येक मुलगा सारखाच दोषी कसा?
टोळक्याने गुन्हे करणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सरसकट प्रौढांप्रमाणे शिक्षा व्हावी, हे एका लेखात मांडलेले मत मला पटत नाही. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नौकांमधून डिझेल चोरणाऱ्या पोरांत कॅन भरणारा एखादाच असतो. बाकीचे धक्क्यावर टेहळणी करतात आणि कुणी तर केवळ मित्राच्या दुचाकीवर मागे बसून आलेला असतो. डिझेल नेताना राखणदाराला मारहाण झाली की त्याची जबरी चोरी होते आणि पोरे पाच असली की कायद्याच्या लेखी तोच दरोडा ठरतो. एकट्याने ज्या वाटेला तो मुलगा गेलाही नसता, तिथे चौघांसमोर भित्रा ठरू नये म्हणून तो पुढे सरसावतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यातील कलम १५ नुसार निर्घृण (म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेच्या) गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन बाल न्याय मंडळ करते आणि त्यावरून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचा का, हे ठरते. यातील 'परिस्थिती' हा मुद्दा मंडळाने प्रत्येक मुलापुरता स्वतंत्र तपासावा. टोळक्याला चिथावून स्वतः नामानिराळा राहणारा प्रौढ (तो बहुधा असतोच) मात्र पोलिसांनी आधी शोधावा, कारण मुलांकडून बेकायदा कामे करवून घेणे हा याच कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे.