गोष्ट सांगायला कसली फी?

माझ्या मावसभावाला घरात सगळे दादा म्हणतात. गेल्या आठवड्यात त्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, "डिझाइनच्या कॉलेजात चार वर्षं गोष्टी सांगायला शिकवतात म्हणे! त्याला फी कसली? कल्पकता असते किंवा नसते." खाली अंगठ्यांची रांग. हाच दादा मुलीला पुण्यात यूसीडच्या, म्हणजे डिझाइनच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासला पाठवतो आणि तिथे कल्पकतेची छापील उत्तरं मिळतात, हे मात्र त्याने लिहिलं नाही.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये नेमकं हेच शिकवून पोट भरते, तेव्हा राग येणारच.

भाचीने मला व्हिडिओ कॉलवर क्लासची वही दाखवली होती. गोष्टीसाठी छत्री दिली तर आजी आणि पाऊस. खुर्ची दिली तर आजी आणि अंगण. शेवटी सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. परीक्षांचा दोष नाही म्हणा. एनआयडी या डिझाइन संस्थेच्या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या फेरीत हातात तार, कागद, माती देऊन काहीतरी घडवायला सांगतात, ती चांगलीच कल्पना आहे. पण क्लासवाले तारेचंही ठरलेलं उत्तर शोधून ठेवतात. मी भाचीला म्हटलं, छत्रीची गोष्ट आजीशिवाय लिही. तिने लिहिलं: छत्री शेअर रिक्षात विसरलेली असते. रिक्षावाला ती पावसात उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला देतो आणि दुसऱ्या दिवशी परत मागायला लाजतो. मी ती गोष्ट ग्रुपवर टाकली. दादाने विचारलं, "याला मार्क किती पडतील?"

वर्गात माझा पहिला तास तांब्याचा असतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला डिझाइन-शिक्षणाबद्दल अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याला प्रश्न विचारलेत. पाणी किती मावायला हवं? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? ओतताना हाताला कसा लागतो? मोडीत काय मिळेल? मी पितळी तांब्या टेबलावर ठेवते आणि फक्त प्रश्न लिहायला सांगते, चित्र काढायचं नाही. तासाभरात त्या तांब्याला मालकीण मिळते, तिचा गुडघा दुखत असतो, विहीर लांब असते. एवढं झालं की गोष्ट सुरू झालेलीच असते. याला उपजत प्रतिभा लागत नाही, दादा, एक तास गप्प बसून बघावं लागतं.

मग मांडणी. मुलं एक तर कल्पना सांगत बसतात, नाहीतर किस्सा सांगून कल्पना विसरतात. त्यांना मी नारदीय कीर्तन समजावते. पूर्वरंगात अभंग आणि त्याचं निरूपण, उत्तररंगात तोच विचार आख्यानातून. (वारकरी कीर्तनात अशी फाळणी नसते, हे बाबांनी मला फोनवर बजावून सांगितलंय.) अक्षरांनी भरलेल्या स्लाइड वर्गात बंद. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरतात आणि कथा गाऊन सांगतात. चित्रावर सगळं लिहिलेलं असतं तर गायचं कशाला? त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. ग्रुपवर त्या बातमीला मात्र एकही अंगठा आला नव्हता.

कल्पकता शिकवता येते का, असं इथे आइंडहोव्हनमध्ये मला कुणी विचारत नाही. "हे कंटाळवाणं आहे," असं विद्यार्थी तोंडावर सांगतात, आणि मग मला तास बदलावा लागतो. पुण्यात एका कार्यशाळेत मी बघितलं, मुलं कागदाकडे बघण्याआधी सरांच्या चेहऱ्याकडे बघतात. इथेही पास होण्यापुरते दहापैकी सहा मिळाले की निम्मी मुलं सायकलवर टांग टाकून पसार होतात. ते मी ग्रुपवर टाकणार नाही.

आणखीही काही टाकणार नाही. मी पिंगुळीला कधी गेलेले नाही. डोंबिवलीत रामनवमीच्या कीर्तनाला जायचे ती सुंठवड्यासाठी. बुवांनी काय सांगितलं यातलं फारसं आठवत नाही, पूर्वरंग-उत्तररंग मी इथे आल्यावर पुस्तकं मागवून नीट समजून घेतलं. ऑक्टोबरात डच डिझाइन वीकमध्ये सहकारी माझी ओळख करून देतात ती 'भारतीय कथनपरंपरा घेऊन आलेली' अशी. मी मान हलवते. डोंबिवलीत हे मला कोण म्हणेल? तिथे माझ्या गल्लीतच दोन कीर्तनकार राहतात, आणि माझ्याहून चांगल्या गोष्टी सांगणारी माझी सख्खी मावशी आहे, दादाची आई. तिथे माझ्यासारख्या शंभर निघतील. इथे मी एकटी, म्हणून तज्ज्ञ. एरवी मला पगार घ्यायला संकोच वाटत नाही. मावशीने कधी फी घेतली नाही, हे दादा म्हणाला तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो ते म्हणणार आहे.